बत्तीस डाव्या बाह्या

अगं, इकडं सरक जरा. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं कोल्हापुरात, तरी सरक म्हणते, कारण तुला दोन शब्द बोलायचे आहेत आणि ते मोठ्यानं बोलण्यासारखे नाहीत. दिवाळीत आलीस, चार दिवस होतीस, त्यातले अडीच दिवस मांडीवरच्या त्या यंत्रात तोंड घालून बसलीस. बरं, काम आहे, असू दे. पण तिसऱ्या दिवशी जेवताना तू तुझ्या ऑफिसातल्या कुणाला तरी फोनवर झाडत होतीस. कामाला हे काय नाव दिलंय, ‘कर’ म्हणे, ‘कर दोन’ म्हणे, आतलं सगळं वाचल्याशिवाय ते काय करतंय हे मला कळणार कसं, असं तुझं चाललं होतं. मी आमटी वाढत होते. ऐकून मला बरं वाटलं. मग हात धुवून तू परत बसलीस तेव्हा मी चष्मा लावून मागून बघितलं. तुझ्या स्वतःच्या कामांची नावं काय होती गं? ‘नवीन’, ‘नवीन खरं’, ‘शेवटचं’, ‘शेवटचं खरं’. इंग्रजीत होती, पण तेवढं इंग्रजी मला येतं.

तेव्हा बोलले नाही, घरात माणसं होती. आता लिहिते.

तू मला समजावून सांगितलं होतंस, की आज्जी, एकेका कामाची कृती एकदाच लिहून ठेवायची, तिला नाव द्यायचं, आणि मग मोठ्या कामात नुसतं नाव घेतलं की ती कृती तिथं होऊन जाते. मी म्हटलं, हे मला ठाऊक आहे. तू हसलीस. हसायचं कारण नाही. मला हे अक्कांनी शिकवलं, तेव्हा तुझे बाबा जन्मलेसुद्धा नव्हते.

अक्कांचं नाव मी सांगणार नाही, त्यांच्या माहेरच्यांना आवडायचं नाही. त्या शिरोळकडच्या, जैनांच्या घरातल्या. तिकडं कानडी आणि मराठी एकाच तोंडात नांदतात. लहान वयात नवरा गेला, दिराच्या घरी राबत बसायचं नाही म्हणून कोल्हापुरात आल्या. लढाईच्या दिवसांत सैन्याचे खाकी शर्ट शिवायचं काम मिळायचं, त्यात त्यांचा हात बसला. मी गेले तेव्हा शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीच्या माडीवर दोन खोल्या घेऊन त्या बायकांचा शिवणाचा वर्ग चालवत होत्या. मशिनं चार. खाली गुळाच्या ढेपा, त्यामुळं माडीवर सदा गोड वास आणि सदा मुंग्या. कापडावर मुंग्या चढू नयेत म्हणून मशिनांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी एका वाटीत पाय घालायचीच.

अक्का उंच, सुकलेल्या, पांढरं लुगडं, गळ्यात मोजायची टेप. ती टेप मी कधी खुंटीवर बघितली नाही. आवाज असा, की जिन्याच्या खालच्या पायरीवर कळावं आज बोलणी खायची पाळी कुणाची आहे. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, म्हणून वर्ग पाचाला बंद. आणि बोलणं आपल्याकडच्या बायकांचं, ‘मी आलतो’, ‘मी सांगतो’. तू हसतेस ह्या बोलण्याला, पण मीही घरात तसंच बोलते, लिहिताना तेवढी सावरते.

मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. माझ्या सासूबाईंना हे कुठं माहीत. एकदा त्या मला डबा द्यायला आल्या आणि अक्कांनी वरून हाक दिली, “ए तंगी, सासू आली बघ.” सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, घरात तंगी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, रस्त्यावर ओरडून सांगायचं काही कारण होतं का त्या बाईला?

तंगी होतीच. मी अक्कांकडं का गेले ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि तुझ्या आजोबांना छातीचं दुखणं लागलं. मिरजेला इस्पितळात ठेवलं. किती महिने लागतील ते डॉक्टरही सांगेनात. सासूबाई आणि मी स्टेशनच्या मागं एका खोलीत. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी मिरजेला जायची, दुपारच्या गाडीनं परत. ह्यांना पलीकडच्या कॉटवरची माणसं गेलेली दिसायची आणि ते मला विचारायचे, पुढच्या रविवारी येशील ना. दुसरं काही विचारायचे नाहीत.

माझे थोरले दीर कागलच्या पलीकडं गावी शेती करायचे. माणूस वाईट नव्हता. दर अमावास्येला ज्वारी घेऊन यायचे आणि जाताना म्हणायचे, दोन ठिकाणी चुली कशाला, गावी चला. शिमग्यापर्यंत बघा, काही जमलं तर ठीक, नाहीतर बैलगाडी घेऊन येतो. त्यांचं बरोबर होतं. पण गावाहून मिरज म्हणजे आधी गाडीवाट, मग मोटार, मग आगगाडी. महिन्यातून एकदासुद्धा झालं नसतं. माझा रविवार गेला असता, एवढंच मला कळत होतं. आणि अक्का म्हणाल्या होत्या, मला एक हाताखाली शिकवणारी पाहिजे, पगारावर. शिमग्याच्या आत ठरवतो. तू हाय, इंदू हाय, बघू.

इंदू मंगळवार पेठेतली. हात भराभर चालायचा, तोंड त्याहून. तिच्यात माझ्यात वैर नव्हतं, पण दोघींना ठाऊक होतं जागा एकच आहे.

आता चिठ्ठ्यांचं सांगते. अक्कांचा मेंदू म्हणजे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेल्या चिठ्ठ्या. एक काम, एक चिठ्ठी. वर ठळक अक्षरांत कामाचं नाव, खाली कृती. ‘पोलकं शिवणे’ ह्या मोठ्या चिठ्ठीत कसं शिवायचं ते काहीच नसे, नुसती नावं असत. छातीचं माप घेणे. पाठ बेतणे. खांदे जोडणे. जिथं अडशील तेवढी चिठ्ठी डब्यातून काढायची. माहीत असेल तर काढायची नाही. कोणतीही मुलगी कोणत्याही दिवशी येऊन अर्धवट पोलकं पुढं नेऊ शकायची. तुला नवल वाटतं ना? आम्हाला तेव्हा वाटायचं, बाई जरा चक्रम आहे.

कारण त्यांचा सगळा जोर नावावर. मी पहिली चिठ्ठी लिहिली तिचं नाव ठेवलं ‘काठ’. अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “काठाचं काय? काठाला करायचं काय, पुजायचं?” मी ‘काठ दुमडणे’ केलं. मग हौसेनं ‘काठ नीट दुमडणे’ केलं. त्यावर, नीट न्हाईतर काय वाकडा दुमडणार व्हतीस, असं ऐकून घेतलं. इंदूनं एक चिठ्ठी लिहिली, ‘काजं करणे आणि बटणं लावणे’. अक्कांनी कात्री घेतली आणि ‘आणि’च्या दोन्ही बाजूंनी कागद कापला. दोन तुकडे दोघींच्या हातात दिले, मधला ‘आणि’ खिडकीतून खाली टाकला. ‘वगैरे’ हा शब्द तर वर्गात कुणी उच्चारायचासुद्धा नाही.

त्या काळी गावात सिनेमाचे स्टुडिओ होते, आणि बायका नट्यांची नावं घेऊन बाह्या मागायच्या. अमकीसारखी बाही शिवा, तमकीसारखा गळा. सगळे शिंपी तसंच म्हणायचे, त्या नावावर गिऱ्हाईक यायचं. अक्कांच्या डब्यात ते नाव कधी शिरलं नाही. त्या म्हणायच्या, ती बाई उद्या दुसरी बाही घालून फिरंल, मग माझी चिठ्ठी कुठं जाणार? चिठ्ठीवर होतं ‘खांद्यावर चुण्या घेऊन बाही फुगवणे’. ती नटी कोण, हे आज नावानिशी सांगितलं तरी तुला कळणार नाही. बाही मात्र तू वाचून शिवशील.

एकदा माझ्या एका चिठ्ठीनं खाली मुडदा पडायचा राहिला. मी नाव दिलं होतं ‘गळा कापणे’. अक्का म्हणाल्या, हे नाव बरं न्हाई, दुसरं बघ. मी म्हटलं, बघते, आणि विसरले. वाऱ्यानं ती चिठ्ठी खिडकीतून अडतीत गेली. तिथं एक म्हातारे दिवाणजी होते, आयुष्यभर गुळाच्या ढेपा लिहीत आलेले. त्यांनी उचलून वाचली. गळा कापणे. एक, समोरचीला सरळ उभी करणे. दोन, मानेची जाडी बघणे. तीन, खडूनं खूण करणे. चार, कात्री एका दमात फिरवणे, मध्ये थांबू नये. दिवाणजी जिना चढून वर आले ते चिठ्ठी लांब धरून. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि आमची डोकी मोजली. अक्कांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, पोलक्याचा गळा दाखवला. ते गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “बघितलंस? नावात कापड न्हवतं.” तेव्हापासून ती चिठ्ठी ‘कापडावर गळ्याचा घेर कापणे’.

घरातही हेच. मांजर आणलं उंदरांसाठी, त्याचं नाव उंदीरधरी. दोन महिन्यांत एक उंदीर धरला नाही, तेव्हा हाक बदलून पडूनराही झाली. पुढं एक दिवस तिनं खरंच उंदीर आणून त्यांच्या पायाशी ठेवला. अक्का पेचात. एका उंदरानं नाव बदलायचं का, ह्यावर त्यांनी आम्हा सगळ्याजणींचं मत घेतलं. दाराच्या पाटीला रंगारी आला तो ‘आदर्श महिला शिवणकला मंदिर’ लिहायला निघाला होता. अक्कांनी लिहून घेतलं ‘इथं शिवायला शिकवतात’ आणि खाली ‘शिवून मिळत नाही’. पुढं वर्ग कामं घ्यायला लागला तेव्हा त्यांनी ‘नाही’ तेवढं खरवडून टाकलं. मग कितीतरी वर्षं पाटी होती ‘शिवून मिळत’. लोक विचारायचे, पुढं काय? अक्का म्हणायच्या, पुढं या की वर.

तर त्या साली एका मुलींच्या शाळेनं लेझीम पथकासाठी सोळा पोलकी सांगितली. कापडाला तेव्हा कंट्रोल होता. मुख्याध्यापिकाबाईंनी खेटे घालून परवान्यावर चिटाचं कापड मिळवलं होतं, निळ्यावर पांढरी फुलं, आणि ते अगदी मोजून होतं. परत मिळणारं नव्हतं. अक्का मला म्हणाल्या, ह्या कामावर तू लक्ष ठिवायचंस. मला कळलं की जागेचं ह्याच्यावर ठरणार. शिमगा तीन आठवड्यांवर होता.

आता तुला बाहीचं थोडं सांगते, पुढं लागेल. बाहीला चपलेसारखं डावं-उजवं असतं. खांद्याला जोडतात तिथं पुढची बाजू जरा खोल कापायची, कारण माणसाचे हात पुढं जातात. मांजरपाटासारखं साधं कापड असेल तर डावी बाही उलटी केली की उजवी होते, कारण त्याला सुलट-उलट नसतं. चिटाला नक्षी एकाच बाजूनं. म्हणून चिटाच्या घड्या तोंडाला तोंड लावून घालायच्या, म्हणजे एका कापात डावी आणि उजवी अशी जोडी निघते. अक्कांची तशी चिठ्ठी होती, ‘चिटाचं कापड तोंडाला तोंड लावून बाह्यांच्या जोड्या बेतणे’. मला ते नाव आगगाडीएवढं लांब वाटायचं. मागं एका वसतिगृहाचे मांजरपाटाचे सदरे केले होते तेव्हा मी माझी सुटसुटीत चिठ्ठी लिहिली होती, ‘बाह्या बेतणे’. सगळ्या घड्या एकावर एक, एका तोंडानं, आणि काप. अक्का त्या दिवशी नव्हत्या. नवी चिठ्ठी आधी त्यांना वाचून दाखवायची असा नेम होता, तो मी चुकवला आणि चिठ्ठी डब्यात सारली. अगदी पुढं.

अक्का भाचीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेल्या. रविवारी मी मिरजेला. इंदू म्हणाली, मी येतो की रविवारचं, तेवढंच काम पुढं जाईल. दुपारी गाडीतून उतरून मी परस्पर वर्गावर गेले. इंदूनं पाठी, पुढचे भाग आणि बाह्या सगळं बेतून रचून ठेवलं होतं. मी बाह्यांचा गठ्ठा उचलला. वरची डावी. खालची डावी. त्याच्या खालची डावी. मी जमिनीवर मांडत गेले. बत्तीस बाह्या, बत्तीसच्या बत्तीस डाव्या.

इंदू शेजारी येऊन उभी राहिली. वाकून बघत म्हणाली, “शाळेत दोन्ही हात डावे असलेल्या सोळा पोरी हाईत का बघूया.” आणि रडायला लागली. मी तिला नको नको ते बोलले. घाई करतेस, बघत नाहीस, माझं वाटोळं केलंस, सगळं बोलले. ती रडत रडत बाह्या गोळा करत होती, हे मला अजून आठवतं.

सोमवारी सकाळी अक्का आल्या. मी सगळं सांगितलं, आणि सांगताना इंदूचं नाव चार वेळा घेतलं असेल. अक्कांनी इंदूला विचारलं, चिठ्ठी कुठली काढलीस. तिनं दिली. अक्कांनी डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं.

“बाह्या बेतणे. मग तू बाह्याच बेतल्यास की. तू काय चुकलीस?”

मग माझ्याकडं वळल्या. अक्षर माझं होतं, विचारायची गरज नव्हती. मी घाईनं म्हटलं, पण अक्का, आत पहिल्याच ओळीत मांजरपाट असं लिहिलंय, हिनं आत वाचायला नको होतं का?

“आत वाचायचं असतं तर नाव कशाला ठिवायचं, तंगी?”

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रिकेचा एक कोरा तुकडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, नवं नाव लिही. मला वाटलं ह्या बाईला खरंच वेड लागलंय. कापड गेलंय, शाळेला तोंड दाखवायचंय, माझी मिरज चालली आहे, आणि ही नाव लिही म्हणते. तसं म्हणालेसुद्धा मी, रडत रडत. अक्का म्हणाल्या, कापड कुठं पळतंय? कापायचं तेवढं कापून झालंय. ही चिठ्ठी मात्र उद्या परत कुणाच्या तरी हातात जाईल.

मी लिहिलं, ‘दोन्हीकडून सारख्या कापडाच्या बाह्या एकावर एक ठेवून बेतणे’. आगगाडीएवढंच लांब झालं. त्यांनी ते इंदूला वाचायला लावलं आणि विचारलं, चिटाला ही चिठ्ठी काढशील का. इंदू म्हणाली, न्हाई. मग जुनी चिठ्ठी फाडली, आणि त्यानंतर कुठं आम्ही तिघी कापडाकडं वळलो.

अक्कांनी एक डावी बाही इंदूच्या उजव्या खांद्याला टाचण्यांनी लावली आणि हात वर करायला सांगितलं. पाठीकडं कापड ताणलं. लेझमाला तर हात डोक्यावर जाणार. अक्का बोटांनी काखेत चाचपत राहिल्या, बराच वेळ. त्यांचे डोळे कापडावर नव्हतेच, मला वाटलं कंटाळल्या. मग म्हणाल्या, हितं चौबगला घाला. चौबगला म्हणजे सदऱ्याच्या काखेत घालतात तो चौकोनी तुकडा, त्यानं हाताला जागा मिळते. आम्ही कातरणं गोळा केली, चौकोन कापले, दोन्ही काखांत घातले, म्हणजे एक वेगळी दिसू नये. इंदूनं हात वर केला, खाली केला, खोटं लेझीम खेळून दाखवलं. चाललं. पण कातरणं चौदाच पोलक्यांना पुरली. दोन पोलकी राहिली ती राहिली.

अक्का स्वतः शाळेत गेल्या, मी बरोबर. बाईंना सरळ सांगितलं, बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या, चौदा पोलकी सावरली, दोन नाहीत. बाईंनी विचारलं, कुणी कापल्या? अक्का म्हणाल्या, वर्गानं. समारंभाला ढोल आणि झांज वाजवणाऱ्या दोन मुलींनी पांढरी पोलकी घातली. लोकांना वाटलं मुद्दामच तशी. पण त्या शाळेचं काम पुन्हा आमच्याकडं आलं नाही. तू विचारशील म्हणून सांगते, तेवढं नुकसान झालंच.

माझ्या लेखी सगळं संपलं होतं. सासूबाईंनी तांब्याची भांडी पोत्यात भरली. पण शिमग्याला आठ दिवस होते आणि एक गोष्ट मला खात होती, की डब्यात माझ्या आणखी चिठ्ठ्या आहेत. मी अक्कांना म्हटलं, जायच्या आधी डबा तपासून जाते. त्या बरं म्हणाल्या. रोज दुपारी मी नाव तेवढं मोठ्यानं वाचायची, आणि इंदूनं नुसत्या नावावरून ते काम सांगायचं. तिला सांगता आलं तर चिठ्ठी डब्यात, नाही आलं तर बाजूला. पहिल्याच दुपारी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, आता ऱ्हाऊ दे, पुढची वाच.

बाजूला पडलेल्या बहुतेक माझ्याच. तिसऱ्या दिवशी एक चिठ्ठी निघाली, पिवळी पडलेली, अक्कांच्या वळणदार अक्षरातली. ‘नेहमीसारखं शिवणे’. मी थांबले. इंदूनं माझ्याकडं बघितलं. अक्का खिडकीशी सुईत दोरा ओवत होत्या, मघापासून ओवतच होत्या. ती चिठ्ठी गुपचूप डब्यात ठेवता आली असती. पण बत्तीस बाह्या डोळ्यांपुढं होत्या. मी विचारलं, अक्का, नेहमीसारखं म्हणजे कुणाच्या नेहमीसारखं?

अक्कांचा हात थांबला. कुणाचं अक्षर, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचं. त्यांनी चिठ्ठी मागितली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली, आणि मग मला परत दिली. म्हणाल्या, फाड. जरा वेळानं हसायला लागल्या. शाहूपुरीत बसून लोकांच्या चिठ्ठ्यांना नावं ठिवतो आणि आपल्या डब्यात हे, असं म्हणून हसत राहिल्या. सुई दोऱ्याविनाच होती. मी उठून ओवून दिली. तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही, निदान बारीक दिसत नाही, आणि हे बरेच दिवसांचं आहे. नावाएवढं मोठं अक्षर तेवढं त्या वाचत होत्या, खालची कृती नाही. मी पुढची चिठ्ठी उचलली.

शनिवारी दीर आले. बैलगाडी अडतीसमोर उभी केली आणि वर आले, मला तिथूनच न्यायला. अक्कांनी, पावणं बसा, म्हणून सतरंजी टाकायला लावली. दीर बसले नाहीत. सरळ माणूस, सरळ विचारलं, “अक्का, हिचं हितं काय काम हाय, सांगा. असलं तर ऱ्हाऊ दे, नसलं तर नेतो.”

मी खाली बघत होते. इंदूचं मशीन थांबलं.

अक्का म्हणाल्या, “माझ्या चुका काढणे.”

दीर गोंधळले. हे कसलं काम, म्हणाले. अक्का म्हणाल्या, लई मोठं काम हाय, पगार देतो मी त्येचा. मग दिरांनी टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली, आणि म्हणाले, मग ज्वारी खाली उतरवून घ्या, लागली तर म्हणून आणलीया, गाडी मोकळी करतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मिरजेच्या गाडीत बसले.

पुढं सव्वा वर्षानं तुझे आजोबा घरी आले. इंदू लग्न होऊन गडहिंग्लजला गेली, तिथं तिनं स्वतःचा वर्ग काढला, अर्धा डबा उतरवून नेला होता तिनं. अक्कांची नजर हळूहळू पार गेली. वर्ग मी चालवायची, त्या खिडकीशी बसून ऐकायच्या. शेवटच्या वर्षी तर दुपारी आडव्या पडून मला म्हणायच्या, वाच. दुसऱ्या म्हाताऱ्या पोथी ऐकतात, ह्या नावं ऐकायच्या. खांदे जोडणे. हं. काखेत चौबगला घालून हाताला जागा करणे. हं. एखाद्या नावाला ‘हं’ आलं नाही की मी समजायची, हे पुन्हा लिहायचं.

तुझ्या कामात कापड नसतं, चुकलं तर पुसता येतं, असं तू म्हणशील. असेल. पण तुझ्यामागून तिथं कुणीतरी बसेल, रविवारी, तू नसताना, आणि तुझ्या शब्दावर भरवसा ठेवून कात्री चालवेल. तिला पुढं मी इंदूला बोलले तसं कुणी बोलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

ते असो. संक्रांतीला सुटी नाही म्हणालीस, मग त्याच्या पुढच्या शनिवारी ये. स्टेशनवर न्यायला कुणी येणार नाही, रिक्षा करून ये. यंत्र आणलंस तरी चालेल. दुपारी जेवून आडव्या पडू आणि तू मला तुझी नावं मराठीत वाचून दाखव, मी ‘हं’ म्हणेन. लवकर ये बाळ, मला हल्ली ऐकायलाही कमी यायला लागलंय.